पाणमोट कधी फुटली?

परळ, मुंबई
१४ ऑगस्ट १९८७

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. बाबांच्या पत्रातून तुझी बातमी कळली. चौथा महिना! तू स्वतः कळवले नाहीस म्हणून आधी रागावले, मग आनंदाने वसतिगृहाच्या जिन्यातच बसून राहिले, आणि मग मला भीती वाटू लागली. हे पत्र त्या भीतीपोटी लिहिते आहे.

प्रयोगशाळेत लागून मला वर्ष झाले. आमच्या डॉ. हळबेबाई एक पाहणी करत आहेत. बाळंतपणासाठी नाव घातलेल्या बायकांच्या अंगातला स्राव कापसाच्या काडीवर घेतात आणि ती काडी माझ्याकडे येते. मेंढीचे रक्त घालून केलेल्या लाल तबकडीवर मी ती फिरवते. दुसऱ्या दिवशी काही तबकड्यांत रव्याच्या कणाएवढे राखी ठिपके उगवलेले असतात. हा जंतू त्या बाईला काहीच त्रास देत नाही. तो आहे हे तिला जन्मभर कळतही नाही. पण जन्मताना तो बाळाच्या नाकातोंडात गेला, तर एखादे बाळ काही तासांत कण्हू लागते, दूध ओढत नाही, आणि दोन-तीन दिवसांत जाते.

ताई, हे ऐकले तेव्हा मला आपला जॉन, तुझे पहिले बाळ, डोळ्यांपुढे दिसला. त्याचे ते कण्हणे. आपण सगळे म्हणत होतो की त्याला गारठा बाधला.

म्हणून विचारते, आणि तू मला नीट आठवून सांग. तेव्हा पाणमोट कधी फुटली होती? कळा सुरू झाल्यावर की आधीच? आधी असेल तर किती तास आधी? अंगात ताप होता का? लघवीला जळजळत होते का? पाणी जाऊन फार वेळ झाला की आतली वाट उघडी राहते आणि जंतू वर चढतो, असे बाई सांगतात. हे कळले तर या वेळी आपल्याला काही करता येईल.

माझ्या पदवीच्या जेवणाच्या, म्हणजे जॉन झाला त्या दिवशीचा आपला फोटो माझ्या टेबलावर आहे. मी भाड्याच्या काळ्या गाऊनमध्ये खुर्चीवर, बाबा छाती काढून बाजूला, आणि तू मागे. तुझा हात माझ्या खांद्यावर आहे. चुलीपुढून उठून आली होतीस ना, तो किती गरम लागला होता ते अजून आठवते. फोटोत तू हसते आहेस. या वेळीही तू तशीच हसावीस एवढेच देवाकडे मागणे आहे.

तुझी,
डेल्फिन


भुईगाव
२५ ऑगस्ट १९८७

प्रिय डेल्फिन,

तू बी.एस्सी. झालीस, आता अक्कल कधी येणार ते सांग. पोस्टमनने तुझं पत्र प्लासिडच्या हातात दिलं. आमच्याकडे आलेलं पत्र ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवायची रीत आहे, हे तुला ठाऊक नाही का? माझा हा धाकटा दीर मोठ्या हौसेने वाचायला लागला आणि "बायकांच्या अंगातला" इथे येऊन थांबला. कान लालबुंद. सासूबाई म्हणतात, "थांबलास का? मुंबईची पत्रं काय अर्धीच वाचायची असतात?" मग ह्यांनी कागद ओढून घेतला आणि मनातल्या मनात वाचला. चहा निवून गेला.

नंतर भांडी घासताना सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला लिही, आमच्या घरात कुणाच्या अंगात किडे नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तिकडचं तिने तिकडे विचारावं."

तर तुझ्या प्रश्नांची उत्तरं. कळा सुरू झाल्या आणि त्यातच पाणमोट फुटली, सगळ्यांची फुटते तशी. ताप नव्हता. जळजळ नव्हती. सुईण म्हणून रोझलिनमावशीने सगळं नीट केलं. जॉन देवाने दिला आणि देवाने नेला. हा विषय पुन्हा काढू नकोस.

काढायचाच असेल तर निदान ह्या पत्त्यावर काढू नकोस. रोझलिनमावशी आता आपलं नंदाखाल सोडून लेकीकडे इथेच भुईगावात राहायला आली आहे, आमच्या वाडीच्या मागच्या गल्लीत. लेक-जावई दिवसभर कामाला असतात, मावशी एकटीच घरी. तिच्या नावाने पत्र टाक. तिला वाचता येत नाही, म्हणून तुझं शास्त्र तिच्या घरात सुखरूप राहील.

तुझी,
आल्बिना


परळ
२ सप्टेंबर १९८७

प्रिय ताई,

मला क्षमा कर. तुझ्या सासरच्या ओट्याचा विचार मी केलाच नाही.

पण तुझे उत्तर वाचल्यापासून मला स्वस्थता नाही. पाणी आधी गेले नाही, ताप नाही, दिवसही भरत आले होते. मग जंतू आला कुठून? एकच जागा उरते, बाळंतपण करणाऱ्याचे हात. रोझलिनमावशी आदल्या दिवशी जेवणाच्या मांडवामागे कोंबड्या साफ करत होती, ते मी स्वतः पाहिले आहे. त्याच हातांनी ती तुझ्याकडे आली असेल. नाळ कापायचे पाते तिने उकळले होते का? बोटे किती वेळा आत घातली? आपल्याकडे निम्म्या गावाला जन्म तिने दिला म्हणून कुणी तिला विचारायचे नाही का? मलाही तिनेच जगात आणले. म्हणून काय मी माझ्या भाच्याबद्दल गप्प बसू?

हे पत्र तिच्याच हातून तुला मिळणार हे लिहिताना अंगावर काटा येतो. पण तूच पत्ता दिलास. या वेळी तिला तुझ्या अंगाला हात लावू देऊ नकोस. शपथ आहे माझी.

रविवारी तेराला मी येते. निर्जंतुक काडी घेऊन येईन. दोन मिनिटांचे काम आहे, दुखत नाही. बाई म्हणाल्या, ज्या बाईचे एक मूल असे गेले आहे तिची तपासणी झालीच पाहिजे.

तुझी,
डेल्फिन


भुईगाव
२० सप्टेंबर १९८७

प्रिय डेल्फिन,

तू गेल्यापासून मी गल्लीतून जाताना मान वर करत नाही.

काडीचं मी काही म्हणत नाही. न्हाणीघरात झावळ्यांच्या आडोशाला तू ते केलंस. ती नळी रुमालात गुंडाळून छातीशी धरून निघालीस तेव्हा मला हसू आलं होतं. वाटलं, कुणी बघितलं तर म्हणेल, देवळातून पवित्र वस्तूच चोरून नेते आहे.

पण जाता जाता मावशीच्या दारात जे बोललीस ते कशाला? "मावशी, तुमच्या हातांनी माझ्या ताईचं मूल मारलं." एवढ्या मोठ्याने! विहिरीवर चार बायका होत्या. मावशीच्या हातात तांदळाचं सूप होतं. ते तिने खाली ठेवलं आणि आपल्या हातांकडे बघत राहिली. तुला वाटलं असेल, ती गप्प बसली म्हणजे कबूल झाली.

काल आमच्या शेजारच्या घरी बाळंतपण होतं. मावशीला बोलावलं नाही. आता कुणीच बोलावणार नाही.

मी तिच्याकडे गेले. म्हटलं, मावशी, तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस. ती म्हणाली, "पोरगी शिकली, ती विचारणारच. तू खाल्लंस का काही?" आणि मला पेज वाढली.

काडीचं काय निघालं ते कळव. काही निघालं तरी कळव, नाही निघालं तरी कळव. मला आता झोपेत जॉनसारखं कण्हणं ऐकू येतं. जागी होते तर ह्यांचं घोरणं असतं.

तुझी,
आल्बिना


परळ
२८ सप्टेंबर १९८७

प्रिय ताई,

हे पत्र बसून वाच.

तुझ्या तबकडीत तो उगवला. मी दोनदा लावून पाहिले. पहिल्या दिवशी मीच तबकडी उचलली आणि उजेडाकडे धरली. राखी ठिपके, भोवती फिकट कडा. आजवर मी असे शेकडो पाहिले आहेत, पण हे तुझे होते.

आता शांतपणे ऐक. हा रोग नाही. अस्वच्छतेने होत नाही, पापाने होत नाही, फर्डिनंड भावोजींमुळेही नाही. आतड्यात राहतो, तिथून खाली येतो, कधी असतो, कधी नसतो. आमच्या पाहणीत चांगल्या घरच्या, शिकलेल्या बायकांतही सापडला आहे. आणि तो असूनही बहुतेकींची बाळे धडधाकट होतात. काहींचीच जातात. कुणाची जातात, याचाच बाई शोध घेत आहेत. पाणमोट आधी फुटून बाळंतपणाला बारा-अठरा तासांवर वेळ गेला तर, आईला ताप आला तर, बाळ दिवसांआधी आले तर, लघवीतच हा जंतू असेल तर, आणि आधीचे मूल असे गेले असेल तर. या शेवटच्या ओळीत तू आहेस.

आता गोळ्या घेऊन उपयोग नाही, तो परत येतो. बाईंच्या मते उपाय एकच. पाणी गेल्याबरोबर किंवा कळा सुरू झाल्याबरोबर दवाखान्यात जायचे आणि बाळ होईपर्यंत दर चार तासांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायचे. परदेशात असे करून बाळे वाचली आहेत. ते वेळेवर सुरू झाले पाहिजे. सगळे त्या वेळेवर आहे, ताई.

आणखी एक. जंतू तुझ्याच अंगात होता. म्हणजे मावशीच्या हातांनी तो आणला असे मला आता म्हणता येत नाही. मी बाईंना सारे सांगितले. त्यांनी विचारले, "पाणी गेल्यावर किती तासांनी बाळ झालं?" मी म्हटले, "लगेच." त्या म्हणाल्या, "बहिणीला पुन्हा विचार."

म्हणून पुन्हा विचारते.

तुझी,
डेल्फिन


परळ
१९ ऑक्टोबर १९८७

प्रिय ताई,

तीन आठवडे झाले, तुझे उत्तर नाही. पत्र पोहोचले ना? मावशीने दिले ना? बरी आहेस एवढे तरी कळव. विचारले त्याचे उत्तर नको असेल तर देऊ नकोस.

डेल्फिन


भुईगाव
२ नोव्हेंबर १९८७

प्रिय डेल्फिन,

आज मृतांचा दिवस. मी नंदाखालला गेले होते, दफनभूमीत बाळांच्या कोपऱ्यात जॉनपाशी मेणबत्ती लावली. वाऱ्याने तीनदा विझली. चौथ्यांदा लावली तेव्हा ठरवलं की तुला लिहायचं.

पाणमोट शनिवारी सकाळी फुटली. तुझ्या जेवणाच्या आदल्या दिवशी.

मी खोबरं किसत बसले होते. एकदम पाटाखाली ओलं झालं. कळा काहीच नाहीत. मला कळलं, पण नीट कळलं नाही, पहिलीच खेप. आईला सांगायला उठले तर ओसरीवर बाबा लोकांना सांगत होते, "आमच्या सात पिढ्यांत पहिली. उद्या फादर स्वतः देवळात मिसाला तिचं नाव घेणार आहेत." बाबांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी सातवीतून शाळा सोडली तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते, तुला ते आठवायचं नाही. मला वाटलं, आता मी तोंड उघडलं तर सगळं बंद पडेल. मांडव, मिसा, फोटो, सगळं. लोक म्हणतील, एकीच्या आनंदात दुसरीने माती कालवली. म्हटलं, कळा येतील तेव्हा सांगू. उद्यापर्यंत तर थांबायचं आहे.

दुपारी रोझलिनमावशी कोंबड्या साफ करायला आली. तिने माझी चाल पाहूनच ओळखलं. म्हणाली, "बाय, आत्ताच्या आत्ता दवाखाना." मी तिचे पाय धरले. मारियामातेची शपथ घातली की पाहुणे जाईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, आणि नंतरही डेल्फिनला कधी सांगायचं नाही. ती रागावली, रडली. मग घरी गेली, अंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसून परत आली आणि दोन दिवस माझ्या मागेमागे फिरली. पातं तिने उकळलं होतं. मला एकदाही आतून तपासलं नाही. म्हणाली, "पाणी गेलेल्या बाईला हात लावायचा नसतो."

रविवारी मिसाहून आले तेव्हा अंगात ताप होता. फोटोच्या वेळी तुझी खुर्ची धरली नसती तर पडले असते. मग खुर्चीवरचा हात तुझ्या खांद्यावर ठेवला. तो चुलीमुळे गरम नव्हता.

संध्याकाळी बाळ झालं. सोमवारी सकाळी ते कण्हायला लागलं. मावशीने ग्लासातल्या पाण्याने त्याचा बाप्तिस्मा केला आणि जॉन म्हटलं. मंगळवारी दुपारची बाराची घंटा वाजत असताना तो गेला.

तुझ्या प्रश्नांना मी खोटं उत्तर दिलं. तुला ते कळू नये म्हणून दिलं, आणि सासरी कळलं तर मला घरात ठेवतील का, म्हणूनही दिलं. पण मावशीच्या अंगावर ते जाईल असं वाटलं नव्हतं. शपथेमुळे ती बोलली नाही. तू तिला तसं बोललीस तेव्हा मी दारात उभी होते, डेल्फिन. मीही बोलले नाही.

आल्बिना


परळ
१० नोव्हेंबर १९८७

ताई,

चार वेळा लिहून फाडले.

फोटो मी पालथा घातला होता. मग परत सरळ केला. तुझ्याकडे पाहायचे टाळणे म्हणजे त्या दिवशी केले तेच पुन्हा करणे झाले असते.

मी तुला दोष देत नाही. कुणाला द्यायचा तेच मला कळत नाही. शनिवारी दिवसभर मी काय करत होते ते आठवते आहे. केस धुऊन वाळवत होते.

यापुढचे मावशीला वाचून दाखव. "मावशी, मी चुकले. माझ्या शिक्षणात हात कसे धुवायचे ते शिकवले, ते तुम्ही माझ्या जन्माआधीपासून करत होतात. मी विहिरीवरच्या चार बायकांसमोर बोलले, त्याच चौघींसमोर येऊन पाया पडेन. तोवर माझ्या ताईकडे लक्ष ठेवा. तिच्या शपथा आता ऐकू नका."

ताई, एक डिसेंबरपासून मला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी वेल्लोरला पाठवत आहेत. मी नको म्हटले, बाईंनी ऐकले नाही. तुझी तारीख वीस जानेवारी, तोवर मी परत असेन. पण दिवसांचा भरवसा नाही. म्हणून बाईंनी कोणत्याही डॉक्टरला दाखवता येईल अशी चिठ्ठी लिहून दिली आहे, ती सोबत आहे. देवाच्या पुस्तकात ठेवू नकोस, अंगावर ठेव. आणि पाणी गेले की वेळ पाहा. घड्याळ नसेल तर घंटा लक्षात ठेवा.

डेल्फिन


भुईगाव
६ डिसेंबर १९८७

प्रिय डेल्फिन,

मावशीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाया पडायला येईल तेव्हा तिला म्हणावं, आधी जेव. हडकली आहे." मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणखी एकदा वाच, ते हात धुवायचं." मी तीनदा वाचलं. चिठ्ठी तिच्याकडेच दिली आहे. ती कागदावर जपमाळेसारखा हात फिरवते.

आता वाईट बातमी. प्लासिडचं लग्न तीन जानेवारीला धरलं आहे, रविवारी. घरात मोठी सून मीच. सासूबाईंनी सांगून ठेवलं आहे, "लग्नघरात दवाखान्याचं नाव काढू नकोस. आणि पोट दुखलं तरी बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, लोकांची नजर चांगली नसते. पहिल्या वेळी तुझ्या माहेरी शंभर माणसं होती, त्यातलीच कुणाची तरी लागली." जॉनला नजर लागली असंच त्यांना वाटतं. मी काय सांगू त्यांना?

ह्यांना मी जंतूचं सांगितलं. ते म्हणाले, "मी आहे ना." पण आईसमोर त्यांचा आवाज निघत नाही, तुला माहीत आहे.

मी दिवसातून वीस वेळा आडोशाला जाऊन कपडा बघते. घाम आला तरी पाणी गेल्यासारखं वाटतं. बाळ हललं तरी भिते, नाही हललं तरी भिते.

तुझी,
आल्बिना


वेल्लोर
१७ डिसेंबर १९८७

प्रिय ताई,

तुझे पत्र इथे आठ दिवसांनी मिळाले. म्हणजे तुझ्याकडे काही झाले तर मला आठवडा लोटल्यावर कळणार. इथे मी रोज त्याच लाल तबकड्या पाहते आणि रोज मनात तास मोजते.

तीन तारखेला घरात कितीही माणसे असोत, तू बोलायचे आहेस. हळू नाही, खुणेने नाही, एकट्या मावशीला नाही. लाजेचे जे व्हायचे ते होऊ दे. आपण एकदा सगळे नीट पार पाडले होते, ताई, एकही पाहुणा उपाशी गेला नव्हता.

मला आणखी काही सुचत नाही. फार भीती वाटते.

तुझी,
डेल्फिन


वसई, दवाखान्यातून
५ जानेवारी १९८८, मंगळवार

प्रिय डेल्फिन,

सकाळपासून लिहिते आहे. मध्येच थांबते, बघते, पुन्हा लिहिते. हस्ताक्षराला हसू नकोस.

रविवारी सकाळी सहाची घंटा चालू होती. स्वयंपाकघरात आम्ही दहा-बारा बायका, मी तळायच्या फुग्यांचं पीठ मळत होते. आणि पाणी गेलं. सतरा दिवस आधी.

तुला खरं सांगते, मी पुन्हा तेच करणार होते. कुणाला दिसू नये म्हणून पायानेच गोणपाट ओढलं आणि त्यावर उभी राहिले. बाहेर बँडवाले चहा मागत होते. ह्यांची आत्या ओरडली, "आल्बिना, गोणपाटाला चिकटलीस का? पीठ आण इकडे!" मी "आणते" म्हटलं. दारात रोझलिनमावशी नारळ सोलत बसली होती. तिने गोणपाटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. कोयता खाली ठेवला. फक्त वाट बघत राहिली. ती तशी किती वेळ बघत होती कुणास ठाऊक, मला तर जॉनचा सगळा जन्म आठवून झाला.

मग मी ओरडले. "माझी पाणमोट फुटली आहे!" बाहेरच्या बँडवाल्यांनाही ऐकू गेलं असणार.

सासूबाई धावत आल्या, नवं लाल लुगडं, अर्धा अंबाडा सुटलेला. "हळू बोल! बाहेर पुरुष आहेत." मी म्हटलं, "हळू बोलले म्हणून एक गेलं. जॉनच्या वेळी पाणी शनिवारी गेलं होतं आणि मी रविवार संध्याकाळपर्यंत लपवलं. नजर कुणाची नव्हती. मीच सांगितलं नाही." सगळ्यांसमोर. कढईतल्या तेलाचा तेवढा आवाज येत होता.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता हात उचलतील. त्या वळल्या आणि सरळ मांडवात गेल्या. तिथे नवऱ्या मुलाची गाडी उभी होती, फुलांच्या माळा लावलेली. ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी काढ." तो म्हणाला, "बाई, नवरदेवाला नऊला न्यायचं सांगितलंय." त्या म्हणाल्या, "नवरदेव चालत जाईल. त्याला पाय आहेत." प्लासिड अर्ध्या दाढीला साबण लावून बाहेर आला होता. त्यानेच दार उघडलं. म्हणाला, "वहिनी, बस. फक्त माळा तोडू नकोस." हे पुढे बसले. मावशी मागे, माझं डोकं मांडीवर घेऊन. रस्त्यात पोरं नवरी बघायला धावत होती. त्यांना नवरीऐवजी पिठाने माखलेले हात दिसले.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. म्हणाला, "कळा नाहीत, ताप नाही, एवढ्यात इंजेक्शन कशाला? थांबून बघू." ह्यांनी नुसती मान हलवली. मावशीने चोळीतून तुमच्या बाईंची चिठ्ठी काढली आणि त्याच्यापुढे धरली. "मला वाचता येत नाही. तुम्हाला येतं ना? मग वाचा." त्याने उभ्याने वाचायला सुरुवात केली, मग खुर्ची ओढून बसला. विचारलं, "पाणी कधी गेलं?" मावशी म्हणाली, "सहाची घंटा. तिसरा टोल पडत होता." त्याने आधी सोसतं का ते हातावर थोडं टोचून बघितलं, मग पहिलं इंजेक्शन दिलं. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ झाले होते. कळा दुपारी बाराला लागल्या. त्याआधी दुसरं दिलं. साडेचारला मुलगी झाली. लहान आहे, पण रडली.

काल सासूबाई आल्या. पलंगाच्या टोकाला बसल्या. म्हणाल्या, "लग्न लागलं. फुगे कच्चे राहिले." मग म्हणाल्या, "दोन वर्षं तू एकटीच हे घेऊन फिरत होतीस का?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या नखांत अडकलेलं वाळकं पीठ काढलं आणि गेल्या.

डॉक्टर म्हणतो, तीन दिवस नीट लक्ष ठेवा. कण्हते का, निळी पडते का, दूध ओढते का. जॉनही रविवारीच जन्मला होता, डेल्फिन. आज मंगळवार आहे. मी पहाटेपासून तिचे श्वास मोजते आहे. आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. अजून नाव ठेवलेलं नाही, मावशी ठेवू देत नाही. म्हणते, "आजची दुपार होऊ दे." ती खिडकीत उभी आहे. देऊळ इथून जवळ आहे.

गेला तासभर मुलगी झोपली आहे. फार शांत झोपली आहे. जॉनही शेवटी असाच शांत झाला होता. मी तिला हलवायला गेले तर मावशीने हात धरला. 

बाराची घंटा सुरू झाली.

मी लिहिते आहे कारण हातांना दुसरं काय करायचं ते कळत नाही. तीन टोल. थांबली. पुन्हा तीन. मावशी साबणाने हात धुऊन आली, करंगळीने बाळाच्या ओठांना हळूच स्पर्श करते आहे. काही नाही. पुन्हा केलं. शेवटचे टोल पडत आहेत.

तिने तोंड उघडलं. करंगळी धरली. ओढते आहे, डेल्फिन, जोरात ओढते आहे, मावशी हसते आहे. पत्र इथेच सोडते, मला दोन्ही हात पाहिजेत.